बेकनची बेगमी

'बेकन' या शब्दाशी माझी पहिली गाठ पडली ती कॉलेजात, आणि ही खायची वस्तू आहे असा संशयसुद्धा येणार नाही अशा गंभीर वातावरणात. बी. ए.ला आम्हांला बेकनचे निबंध होते. फ्रॅन्सिस बेकन, इंग्रजी निबंधाचा आद्य पुरुष. १५९७ साली त्याने १० निबंधांचं एक चिमुकलं पुस्तक काढलं आणि १६२५ पर्यंत निबंधांची संख्या ५८वर नेऊन ठेवली. त्यांतले परीक्षेला नेमके कोणते येणार, एवढाच काय तो त्याच्या तत्त्वज्ञानातला गूढ भाग. "बेकन घाईघाईने गिळू नका, सावकाश चावा," असं आमचे प्रोफेसर सांगत. आम्ही तो न चावता पाठ केला.

पुढे वुडहाउस हाती लागला. त्यातले लॉर्डलोक सकाळी आरामात जिना उतरून खाली येतात, बाजूच्या टेबलावरच्या चांदीच्या भांड्याचं झाकण उचलतात आणि अंडी नि बेकन वाढून घेतात. आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाने याचा अर्थ असा लावला की साहेबलोक न्याहारीला अंडी खातात आणि खाता खाता निबंध वाचतात. "म्हणूनच त्यांनी राज्य केलं," असंही तो वर म्हणाला. हा मुलगा पुढे शिक्षणाच्या क्षेत्रात बऱ्याच मोठ्या हुद्द्यावर चढला.

पण तोही अगदीच वाट चुकला नव्हता म्हणा. निबंधातल्या बेकनचा आणि न्याहारीतल्या बेकनचा संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. पहिला वडिलांकडून. सर निकोलस बेकन, म्हणजे फ्रॅन्सिसचे तीर्थरूप, एकदा न्यायासनावर बसले असताना म्हणे एका गुन्हेगाराने फाशी टळावी म्हणून त्यांच्याशी नातं काढलं. त्याचं आडनाव होतं हॉग, म्हणजे डुक्कर. मी डुक्कर, आपण बेकन, तेव्हा आपलं कूळ एकच, असा त्याचा युक्तिवाद. निकोलससाहेबांनी त्याला समजावलं की नात्याबद्दल तक्रार नाही, पण तुला टांगल्याशिवाय ते जुळायचं नाही. कारण नीट टांगून ठेवल्याखेरीज डुकराचं बेकन होतच नसतं. भाऊबंदकीचा खटला इतक्या झटपट निकालात निघाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

दुसरा संबंध खुद्द फ्रॅन्सिसचा. जॉन ऑब्री नावाच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय की १६२६ साली बर्फ पडलेलं असताना गाडीतून जाता जाता बेकनच्या डोक्यात आलं, मीठ मांस टिकवतं, तर मग बर्फ का टिकवणार नाही? त्याने तिथेच गाडी थांबवली, हायगेटच्या टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका गरीब बाईकडून कोंबडी विकत घेतली, साफ करून घेतली आणि स्वतःच्या हातांनी तिच्या पोटात बर्फ भरला. त्यात त्याला थंडी बाधली आणि थोड्याच दिवसांत तो गेला. टिकवण्याचा प्रयोग चालू असताना प्रयोग करणाराच टिकला नाही.

पण मीठ टिकवतं तर बर्फ का नाही, या त्याच्या प्रश्नात न्याहारीतल्या बेकनचा जवळजवळ सगळा इतिहास मावतो.

आपल्याकडे आगोट जवळ आली की घराघरांत जी धांदल उडते ती आठवा. गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे. कोकणात सुका बांगडा, सुकट, आमसुलं. गोव्यात तर या बेगमीला 'पुरुमेंत' असा खास शब्द आहे, पोर्तुगीजांकडून आलेला, आणि मे महिन्यात तिच्या नावाने फेस्त भरतं. तिथले ख्रिस्ती लोक डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, मिरची नि व्हिनेगर लावून आतड्यात भरतात आणि माळ करून टांगून ठेवतात. ते चोरिस पावसाळाभर पुरतात. या साऱ्या खटाटोपाच्या मागे एकच गोष्ट असते, ती म्हणजे भीती. बाहेर चार महिने काही मिळणार नाही, आणि घरात माणसं तर रोज दोनदा जेवणार.

इंग्लंडात पाऊस बारा महिने पडतो. त्याची बेगमी करायची म्हटलं तर माणूस दुसरं काही करूच शकणार नाही. तिथे भीती हिवाळ्याची. गवत संपतं, जनावरांना घालायला काही उरत नाही. जुने अँग्लो-सॅक्सन लोक नोव्हेंबरला बळीचा महिना म्हणत, तो यासाठीच. आणि या महिन्यात पहिला नंबर लागे डुकराचा. गाय दूध देते, मेंढी लोकर देते, कोंबडी अंडी देते. डुक्कर हयातभर काही म्हणजे काही देत नाही. घरातलं उष्टंखरकटं, रानातली ओकची फळं, मिळेल ते खातं आणि झोपतं. (अशी एखादी व्यक्ती बहुतेक घराण्यांत असते, पण तिचा पुढे काही उपयोग करून घेता येत नाही.) डुकराचं सगळं कर्तृत्व मरणोत्तर. त्याच्या दोन्ही कुशींचे दोन अख्खे भाग काढायचे, त्यांना मीठ चोळायचं, पाझरलेलं पाणी टाकून पुन्हा चोळायचं, आणि मग ते चुलीच्या धुराड्यात धुरी द्यायला टांगायचे. या अख्ख्या बाजूला तिकडे 'फ्लिच' म्हणतात. भिंतीवर दोन फ्लिच लटकत असले की हिवाळ्याला घाबरायचं कारण नाही.

या फ्लिचचा सगळ्यांत मोठा भक्त विल्यम कॉबेट. या गृहस्थाने १८२१-२२ मध्ये 'कॉटेज इकॉनॉमी' नावाचं पुस्तक लिहिलं. गरीब मजुराने संसार कसा करावा याचं त्यात मार्गदर्शन आहे. चहाचा त्याला मनस्वी तिटकारा होता. चहामुळे कष्टकरी माणूस दुबळा होतो, त्याने घरी गाळलेली बिअर प्यावी, असं तो हिशेब मांडून सिद्ध करतो. सकाळचा दुसरा कप पिता पिता मी ते प्रकरण वाचलं. पण डुकराकडे वळला की कॉबेट हळवा होतो. घरात टांगलेले दोन फ्लिच माणसाला जितकं सन्मार्गावर ठेवतात तितकं हजारो प्रवचनं नि कायद्याची जाडजूड पुस्तकंही ठेवू शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्यांच्याकडे नुसतं बघून चोरीची इच्छा मावळते आणि नवराबायकोचे स्वभाव मऊ होतात. धुरी कशी द्यावी हे तर तो एखाद्या सोवळ्यातल्या आजीच्या काटेकोरपणाने सांगतो. धूर लाकडाचाच हवा, दगडी कोळशाचा चालणार नाही, फरच्या लाकडाचा तर मुळीच नको. पावसाचा थेंब पडू नये आणि चरबी वितळू नये अशा बेताने टांगावं. चूल रोज पेटत असेल तर महिनाभर पुरे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. कॉबेटच्या मजुराचं हे बेकन कुरकुरीत बिरकुरीत नव्हतं. ते होतं जाड, खारट आणि चरबीने पांढरं. त्याचा लहानसा तुकडा वाटाण्यात किंवा कोबीत टाकून शिजवायचा, की हंडाभर पाल्याला चव. आपल्याकडे मूठभर सुकट दुधी भोपळ्याला माणसांत आणते, तसंच. चरबी टाकून द्यायची गोष्ट नव्हती, तीच तर खरी मिळकत.

मिठाबरोबर आणखी एक चीज लागे, सोरा. चिमूटभर सोऱ्याने मांसाचा गुलाबी रंग टिकतो आणि ते नासवणाऱ्या जंतूंना आळा बसतो. आता हा सोरा विलायतेत यायचा कुठून? अठराव्या शतकात त्याचा मोठा भाग जायचा आपल्या बिहारमधून, पाटण्याच्या बाजूने, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून. कंपनीला तो बेकनसाठी नको होता, बंदुकीच्या दारूसाठी हवा होता. तोफांना लागून उरलेला चिमूटभर सोरा इंग्रज गृहिणींच्या वाट्याला आला, आणि साहेबाच्या ताटातल्या गुलाबी रंगात गंगाकाठच्या मातीचा हातभार लागला. इतिहासाच्या पुस्तकांत आपल्याकडून साहेबाने काय काय नेलं याच्या लांबलचक याद्या असतात. त्यांत हा रंग मला अजून सापडलेला नाही.

नवराबायकोच्या मऊ स्वभावाचा कॉबेटने जो दाखला दिला, त्याला एसेक्स परगण्यातल्या डनमो गावात फार जुना आधार आहे. लिटल डनमोच्या मठात एक प्रथा होती. लग्न होऊन एक वर्ष आणि एक दिवस झाला, आणि तेवढ्या काळात झोपेत किंवा जागेपणी लग्नाचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही असं ज्याला शपथेवर सांगता येईल, त्याने यावं, दोन टोकदार दगडांवर गुडघे टेकून शपथ घ्यावी आणि बेकनचा एक अख्खा फ्लिच घेऊन जावं. चौदाव्या शतकात चॉसरलाही ही प्रथा माहीत होती. पाच नवरे करून बसलेली त्याची बाथची बाई तिचा उल्लेख करते. आपल्या नवऱ्यांना डनमोचं बेकन मिळण्याचा योग नव्हता हे ती लपवून ठेवत नाही.

पहिली लेखी नोंद १४४५ सालची, आणि तीत नाव फक्त नवऱ्याचं आहे. बायकोला पश्चात्ताप झाला की नाही हे विचारण्याची पद्धत त्या काळी नसावी. तेव्हापासून १७५१ पर्यंत, म्हणजे ३०० वर्षांत, नोंदलेले विजेते बोटांवर मोजण्याइतकेच. बेकन वाचवायचं असेल तर ते कुठे ठेवावं, हे त्या मठातल्या ब्रह्मचाऱ्यांना बरोबर कळलं होतं. पुढे प्रथा बंद पडली. मग १८५४ साली एन्सवर्थ या कादंबरीकाराने तिच्यावर कादंबरी लिहिली आणि १८५५ मध्ये तिचं पुनरुज्जीवन केलं. आता ग्रेट डनमोमध्ये साधारण दर लीप वर्षी हा खटला चालतो. न्यायाधीश असतो, ६ अविवाहित मुली आणि ६ अविवाहित मुलगे यांची ज्यूरी असते, जोडप्यांचा वकील असतो, आणि जोडप्यांच्या विरुद्ध बेकनच्या बाजूने लढणारा वकील असतो. जिंकलेल्या जोडप्याला खुर्चीत बसवून मिरवतात. हरलेलं जोडपं रिकाम्या खुर्चीमागून चालत जातं, आणि समजूत म्हणून त्याला मांडीकडचं थोडं मांस मिळतं.

मी हे सगळं आमच्या घरी वाचून दाखवलं. "एक वर्षाचं काय एवढं?" सौ. म्हणाली. "खरं म्हणजे चाळीस वर्षं झालेल्यांना बोलवायला हवं. पण मग त्यांचं बेकन नासून जाईल." कॉबेटने हे वाक्य मोठ्या आनंदाने छापलं असतं.

बेकनच्या इतिहासात पुढचं वळण आलं ते एका रस्त्यामुळे. आयर्लंडमधली डुकरं जहाजाने ब्रिस्टलला उतरत आणि तिथून पायी पायी लंडनच्या बाजाराला निघत. वाटेत विल्टशरमध्ये एक गाव लागतं. स्पेलिंगप्रमाणे म्हणायचं तर काल्न, पण मधला 'ल' बोलायचा नसतो, म्हणून नुसतंच कान. माझा भाचा ब्रिस्टलजवळ राहतो. ताई आणि मी त्याच्याकडे दोन महिने राहिलो होतो, तेव्हा त्याने मला गाडीतून हे गाव दाखवून आणलं. इथे डुकरं विसाव्याला थांबत, आणि १७७० पासून इथे हॅरिस घराण्याची खाटीकखान्याची पेढी होती. थकलेली डुकरं दारात आणि खाटीक घरात, म्हणजे धंद्याला आणखी काय हवं?

पण अडचण अशी की बेकन फक्त थंडीत करता येई. उन्हाळ्यात मीठ मांसात मुरण्याआधीच मांस नासे. त्यातच आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ पडला आणि डुकरं यायची थांबली. १८४७ मध्ये जॉर्ज हॅरिस अमेरिकेला गेला आणि तिथे त्याने बर्फघरं पाहिली. १८५६ मध्ये कानला बर्फघर उभं राहिलं. २३० वर्षांपूर्वी कोंबडीच्या पोटात बर्फ भरणाऱ्या त्या निबंधकाराचं म्हणणं शेवटी एका खाटकाने खरं करून दाखवलं. आता बारा महिने बेकन करता येऊ लागलं, आणि मीठही कमी लागू लागलं. सगळं गाव या धंद्यावर जगलं. १९८२ साली कारखाना बंद झाला, पण गावात डुकरांचं ब्राँझचं शिल्प उभं आहे. ज्याने पोटाला घातलं त्याचा पुतळा उभारायची ही पद्धत मला आवडली. आपल्याकडे ती सुरू झाली तर चौकाचौकात बैल उभे राहतील, आणि त्यांच्या जयंत्यांना भाषणंही थोडी कमी होतील.

तोवर डेन्मार्कचे शेतकरीही जागे झाले होते. १८८७ मध्ये हॉर्सेन्सला त्यांनी बेकनचा पहिला सहकारी कारखाना काढला आणि इंग्रजांची न्याहारी परस्पर ताब्यात घेतली. सहकारी कारखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऊस येतो, तिथे डुक्कर. तत्त्व एकच.

कुरकुरीतपणा मात्र अजून यायचाच होता. कुरकुरीत व्हायचं तर काप पातळ हवा, आणि सुरीने एकसारखे पातळ काप काढणं हे कसबी हाताचं काम. रॉटरडॅमच्या फान बेर्केल नावाच्या खाटकाने १८९८ मध्ये मांसाचे काप काढणारं यंत्र तयार केलं आणि ही अडचण दूर झाली. १९२४ मध्ये अमेरिकेत ऑस्कर मायर कंपनीने कापलेलं बेकन पाकिटात घालून विकायला आणलं. यातही दोन पंथ आहेत. इंग्रजाला पाठीकडचं, मांसल, मऊ बेकन आवडतं. अमेरिकनाला हवं पोटाकडचं, चरबीच्या नि मांसाच्या आलटून पालटून रेघा असलेलं. कुरकुरीत होतं ते हे रेघांचं. मूळ शब्दाचा अर्थ 'पाठ', आणि खरी मजा पोटात, असा हा उलटा प्रकार आहे.

आणि अमेरिकन माणूस तरी ते सकाळी का खातो? वाडवडील खात होते म्हणून? थोडंफार तसंही. पण १९२०च्या दशकात तिथली न्याहारी फळांचा रस, टोस्ट नि कॉफी यांवर येऊन ठेपली होती आणि बीच-नट कंपनीचं बेकन खपत नव्हतं. कंपनी एडवर्ड बर्नेझकडे गेली. हा सिग्मंड फ्रॉइडचा सख्खा भाचा. मामाने माणसाच्या मनात काय दडलंय ते शोधून काढलं; भाच्याने तिथे काय दडवून ठेवता येईल ते पाहिलं. त्याने बेकनची जाहिरात केलीच नाही. आपल्या ओळखीच्या डॉक्टरला एवढंच विचारलं, की हलक्या न्याहारीपेक्षा भरपेट न्याहारी शरीराला बरी का? डॉक्टर म्हणाला, हो. मग त्याच डॉक्टरकडून ५,००० डॉक्टरांना पत्रं गेली. सुमारे ४,५०० जणांनी होकार कळवला. वर्तमानपत्रांत बातमी आली की हजारो डॉक्टर भरपेट न्याहारीच्या बाजूने आहेत, आणि शेजारीच उदाहरणादाखल अंडी नि बेकन. डॉक्टरांनी बेकनचं नावही काढलं नव्हतं. आपल्याकडे ४,५०० डॉक्टरांचं एका प्रश्नावर एकमत होणं अशक्यच. त्यामुळे आपले पोहे कोणत्याही जाहिरातीशिवाय टिकून आहेत.

मग युद्ध आलं, आणि इतका वेळ धुराड्यात लपून बसलेली भीती पुन्हा खाली उतरली. ८ जानेवारी १९४० रोजी ब्रिटनमध्ये रेशनिंग सुरू झालं, त्या पहिल्या यादीत लोणी, साखर आणि बेकन. माणशी आठवड्याला ४ औंस, म्हणजे सव्वाशे ग्रॅमही नाही. लोकांनी परसात, गल्लीत मिळून डुकरं पाळली, रस्त्याच्या कोपऱ्यांवर उष्ट्याखरकट्याचे डबे ठेवले गेले. हे रेशन उठलं ४ जुलै १९५४ला. युद्ध संपून ९ वर्षं झाली होती. अमेरिकेत १९४२ पासून गृहिणींना सांगण्यात आलं की बेकन तळून उरलेली चरबी मोरीत ओतू नका, डब्यात साठवून खाटकाकडे द्या. तिच्यातून ग्लिसरीन निघतं आणि त्यापासून स्फोटकं होतात. डिस्नेने यावर एक छोटा चित्रपटही काढला होता. त्यात मिनी माउस चरबी कुत्र्याच्या ताटलीत ओतायला निघते आणि रेडिओ तिला समजावतो. पाटण्याचा सोरा तोफेला लागून उरला तेव्हा बेकनला मिळाला होता. आता बेकनची चरबी तोफेला गेली. उधारी फिटली म्हणायची.

एवढा इतिहास पोटात घेऊन मी भाच्याच्या स्वयंपाकघरात उभा होतो. "मामा, आयुष्यभर नुसतं वाचलंस, एकदा खा तरी," म्हणून त्याने पाकीट आणलं होतं. ताई शुद्ध शाकाहारी. ती बाहेरच्या खोलीत दार लोटून बसली आणि वास येऊ नये म्हणून तिने ३ उदबत्त्या लावल्या. घरात धुराची घंटा वाजली ती बेकनमुळे नव्हे, उदबत्त्यांमुळे.

भाच्याची पद्धत सरळ होती. पॅन लालबुंद तापवायचं आणि वर बेकन टाकायचं. काप आक्रसले, वाकले, कडा काळ्या झाल्या आणि मधली चरबी रबरासारखी राहिली. मी त्याला मिसेस बीटनची गोष्ट सांगितली. १८६१ साली, वयाच्या २५व्या वर्षी, या बाईंनी इंग्लंडच्या सगळ्या गृहिणींना घर कसं चालवावं हे सांगणारा हजारावर पानांचा ग्रंथ काढला आणि २८व्या वर्षी त्या वारल्या. त्यांनी बेकनबद्दल बजावलंय की पॅन थंड हवं. बेकन आत घातल्याशिवाय ते विस्तवावर ठेवायचंच नाही. त्यामागचं शास्त्र नंतर कळलं. मांसात पाणी आहे, चरबी आहे. आच मंद असली की चरबीला वितळून बाहेर पडायला अवधी मिळतो, पाणी हळूहळू उडून जातं, आणि मग काप आपल्याच चरबीत तळला जातो. पाणी गेल्यावरच तो खमंग तांबूस रंग नि वास येतो. त्या क्रियेचं वर्णन मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. भाकरीच्या पापुद्र्यावर जे डाग पडतात, त्यांच्यामागेही हाच मायार. पॅन आधीच तापलेलं असलं तर मांस दचकून आखडतं आणि चरबी आतच अडकते.

तर थंड पॅन, मंद आच. तडतड सुरू झाली. आम्ही दोघे वाकून बघत होतो. भाचा दर मिनिटाला विचारी, "आता?" आणि मी कॉबेटपासून मायारपर्यंत सगळे आठवून म्हणे, "थांब." एवढ्यात बंद दारामागून ताईचा आवाज आला.

"अरे, आवाज बसला. उतरव आता, नाहीतर करपेल."

"आई, तुला काय माहीत?"

"पन्नास वर्षं लोणी कढवतेय मी. पाणी आहे तोवर बडबड. पाणी सरलं की गप्प होतं. मग ते लोणी असो, नाहीतर तुझं ते काय असेल ते."

भाच्याने पॅन उतरवलं. काप कागदावर काढले, तर ते मऊच. तो हिरमुसला. दारामागून पुन्हा, "लगेच बोटं लावू नका. शंकरपाळी तरी कढईतून काढल्या काढल्या कुरकुरीत असतात का?" दोन मिनिटांत काप असा कडक झाला की मोडल्याचा आवाज दाराबाहेर गेला. "झालं ना?" ताईने विचारलं. नाकाला पदर लावलेला आहे हे आवाजावरून कळत होतं.

मी खाल्लं. खारट, धुरकट, खमंग. खाता खाता मनात आलं, यातली एकही चव कुणी मुद्दाम चवीसाठी निर्माण केलेली नाही. मीठ नासू नये म्हणून, धूर किडू नये म्हणून, सोरा टिकावं म्हणून. भीतीने केलेली व्यवस्था होती सगळी. आता भाच्याच्या स्वयंपाकघरात पुरुषभर उंचीचा फ्रिज आहे, कोपऱ्यावरचं दुकान रात्री ११ पर्यंत उघडं असतं. नोव्हेंबरला कुणी घाबरत नाही. भीती गेली, पण जिभेला हे कुणी कळवलेलं नाही. आणि त्या व्यवस्थेचं भाडं अजून वसूल होतंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली असं टिकवलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं तिचं म्हणणं. उद्या उपाशी मरू नये म्हणून काढलेल्या युक्तीपासून आज स्वतःला जपायचं. भाचा म्हणतो, महिन्यातून एकदा खातो. या एकदाची मोजणी त्याची आईच करील.

निघायच्या आदल्या दिवशी ताईने त्याचा फ्रिज आवरला. येताना तिने पुण्याहून १४ किलो सामान आणलं होतं. पापड, कुरडया, मेतकूट, लिंबाचं लोणचं. "आई, इथे सगळं मिळतं गं," असं तो म्हणाला, आणि खरंच मिळतं. तिने ऐकून घेतलं. पापड मोजले, "संपत आले की कळव," म्हणाली. बेकनबद्दल ती काही बोलली नाही. फक्त लोणच्याच्या बरणीला लागून असलेलं ते पाकीट तिने बोटाच्या टोकाने हातभर लांब सरकवलं आणि मधल्या जागेत कोथिंबीर ठेवली.